वाडीवरच्या शाळेचा पट, निकाल आणि अनुदान : सिंधुदुर्गाच्या निमित्ताने

सुरंगी

दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आल्याची बातमी आता दरवर्षीची झाली आहे. २०२४ साली विभागाचा निकाल ९९.०१ टक्के लागला आणि राज्याचा ९५.८१ टक्के, २०२५ साली हेच आकडे ९८.८२ आणि ९४.१० टक्के होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग असल्यामुळे आम्हा सिंधुदुर्गवासीयांना त्याचा अभिमान वाटतो आणि तो वाटायलाही हवा. पण निकाल लागतो त्याच दिवसांत आमच्या वाडीतले पालक मात्र जूनमध्ये प्राथमिक शाळेला दुसरा शिक्षक मिळेल की नाही, या काळजीत असतात.

या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. तरुण मंडळी मुंबईला किंवा गोव्याला जातात, मुले त्यांच्याबरोबर जातात आणि वाडीवरच्या शाळेचा पट बारा, नऊ, सहा असा उतरत जातो. शाळेला मिळणारा शिक्षक आणि शाळेला मिळणारे अनुदान ही दोन्ही पटावर ठरत असल्यामुळे पट उतरला की दोन्ही कमी होतात. छप्पर मात्र तेवढेच राहते, पाऊस तेवढाच पडतो आणि पहिली ते चौथी असे वर्गही चारच राहतात.

माझे म्हणणे असे की प्रत्येक सरकारी शाळेला पट कितीही असला तरी एक किमान रक्कम आणि किमान दोन शिक्षक निश्चित मिळाले पाहिजेत, आणि पटानुसार जे द्यायचे ते त्यावर वाढवून द्यावे. आपणा सर्वांकडून मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. छोट्या शाळेला पैसे देण्याची आजची पद्धत योग्य आहे का? आणि अशा शाळेत मुले खरोखर किती शिकतात, हे कशावरून ठरवायचे?

पाटीपेन्सिल

दुसऱ्या प्रश्नापुरते सांगतो. दहावीचा निकाल हा माध्यमिक शाळांचा निकाल आहे आणि त्या बहुतेक संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत. वाडीवरच्या पहिली-दुसरीत काय घडते, याचा त्या टक्केवारीवरून काहीच अंदाज येत नाही.

देशावरचा

सुरंगी यांची कळकळ मला समजते, तरीही मी विरुद्ध बाजू मांडतो. शासनाने २०२३ साली समूह शाळांचा, म्हणजे जवळपासच्या छोट्या शाळा एकत्र करण्याचा, विचार पुढे आणला, तेव्हा प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार राज्यात २० पर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा होत्या, त्यांत १,८५,४६७ मुले होती आणि २९,७०७ शिक्षक होते. म्हणजे एका शिक्षकामागे सरासरी सहाच मुले येतात, आणि शिक्षण हक्क कायद्याचे प्रमाण तर प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक असे आहे.

आता नऊ मुलांची दोन शिक्षकी शाळा घ्या. प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते बाजूला ठेवले, तरी दोन शिक्षकांचे वर्षाचे ७,००,८०० रुपये होतात, म्हणजे एका मुलामागे सुमारे ७७,९०० रुपये. एवढा खर्च करूनही त्या मुलाला स्वतःच्या वर्गात एक किंवा दोनच सोबती मिळतात. गटात चर्चा होत नाही, कबड्डीचा संघ उभा राहत नाही, स्नेहसंमेलन होत नाही. पानशेत आणि तोरणमाळ येथे जवळपासच्या शाळा एकत्र आणण्याचे प्रयोग झाले आहेत. मुलाला गाडीने चांगल्या मोठ्या शाळेत नेले, तर त्याचे नुकसान होते असे कशावरून म्हणायचे? शाळा वाचवणे आणि मुलाचे शिक्षण वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला म्हणायचे आहे.

सुरंगी

देशावरचा, आपण दिलेलेच आकडे दुसऱ्या बाजूने पाहू. १४,७८३ शाळांना २९,७०७ शिक्षक म्हणजे शाळेमागे दोन. मुले सहा असोत वा सोळा, वर्ग चार किंवा पाच असतातच, त्यामुळे प्रत्येक शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता येतात. पहिलीच्या मुलाला अक्षरओळख करून द्यायची असते त्याच वेळी चौथीच्या मुलाला भागाकार शिकवायचा असतो. शिक्षकाचे काम मुलांच्या संख्येवर मोजायचे की इयत्तांच्या, हाच खरा वाद आहे.

जुने_हजेरीपत्रक

मी अनेक वर्षे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, होतो आणि आता निवृत्त आहे. अनुदानाची चर्चा नेहमी मोघम होते, म्हणून ती रक्कम प्रत्यक्षात कशी येते ते सविस्तर लिहितो.

शिक्षकांचे वेतन राज्य शासन शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून थेट देते, त्यामुळे शाळेच्या हाती पैसा असा फारसा नसतो. शाळेच्या हाती येते ते समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान. ही योजना २०१८ साली सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक शिक्षण योजना एकत्र करून सुरू झाली आणि तिच्यात आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के, तर राज्याचा ४० टक्के आहे. सध्याच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५,००० रुपये, १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५०,००० रुपये आणि त्यापुढे ७५,००० किंवा एक लाख रुपये मंजूर होऊ शकतात. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करावे लागतात. प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी आणि क्रीडासाहित्यासाठी प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत वेगळी तरतूद आहे.

३१ मुलांच्या शाळेतून एक कुटुंब मुंबईला गेले आणि पट ३० वर आला, तर अनुदान २५,००० वरून १०,००० वर उतरते. एका मुलामुळे पंधरा हजार रुपये जातात. दुसरीकडे देशावरचा यांच्या पद्धतीने भागाकार केला, तर नऊ मुलांच्या शाळेला मुलामागे सुमारे १,१११ रुपये मिळतात आणि १०० मुलांच्या शाळेला २५०. कागदावर छोटी शाळा श्रीमंत दिसते. पण विजेचे बिल, खडू, हजेरीपत्रके, पिण्याच्या पाण्याची टाकी, शौचालयाची सफाई, इंटरनेटचे रिचार्ज आणि पावसाआधी सरकलेली कौले सारखी करणे यांचा खर्च पटाने भागला जात नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर ज्यांनी कोकणातल्या शाळांची छपरे पाहिली आहेत, त्यांना दहा हजारांत किती कौले, किती वासे आणि किती मजुरी बसते हे सांगावे लागणार नाही.

पैसा कधी येतो, हा आणखी वेगळा विषय आहे. माझ्या सेवेच्या काळात तो वर्षाच्या अखेरीस यायचा आणि ३१ मार्चपूर्वी खर्च करून प्रमाणके सादर करावी लागायची. २०२१ पासून एकल नोडल खात्याची पद्धत आली. आता शाळेच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा तेवढी मिळते आणि वेळेत न वापरलेली मर्यादा निघून जाते. हिशेबाच्या शिस्तीसाठी ही पद्धत योग्य आहे, हे मी मान्य करतो. परंतु जूनमध्ये लागणारी वस्तू मार्चमध्ये विकत घ्यायला लावणे हे शिक्षणाच्या सोयीचे नाही. मधल्या काळात मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून खर्च करतात आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

पाटीपेन्सिल

जुने_हजेरीपत्रक, एवढ्या स्पष्टपणे हे पहिल्यांदाच वाचायला मिळाले. मनःपूर्वक आभार.

लोअर_परळ_ते_देवगड

आमच्या वाडीचे मुंबईत मंडळ आहे. गणपतीला गावी गेलो की शाळेसाठी वर्गणी काढतो. गेल्या काही वर्षांत आम्ही शाळेला रंग दिला, भिंतींवर तक्ते काढून घेतले, एक मोठा टीव्ही बसवला आणि गणवेशाव्यतिरिक्त दप्तरे दिली. शासनाचा पैसा अपुरा असेल, तर लोकसहभाग हाच मार्ग आहे. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली जागतिक पातळीवरचा लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. गावाने मनावर घेतले म्हणूनच ते शक्य झाले.

कातळशिल्प

मंडळांच्या कामाबद्दल आदर आहे. तरीही दोन शंका विचारतो. रंग आणि टीव्ही आल्यानंतर मुले अधिक चांगले वाचू लागली का, हे कोणी तपासले का? आणि ज्या वाडीचे मुंबईत मंडळ नाही, उदाहरणार्थ धनगरवाडी, तिथल्या मुलांनी काय करावे? लोकसहभाग स्वागतार्हच आहे, पण शिक्षण हक्क कायद्याने शासनावर टाकलेली जबाबदारी वर्गणीच्या भरवशावर सोडता येत नाही.

लोअर_परळ_ते_देवगड

तपासले नाही, हे खरे आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय ठेवतो.

दुसरी_घंटा

मी याच जिल्ह्यात एका दोन शिक्षकी शाळेत शिकवते. शाळेचे नाव सांगत नाही.

बहुवर्ग अध्यापन वाईटच असते, असे मला वाटत नाही. दोन शिक्षक हजर असतील, तर एक जण पहिली-दुसरी घेतो, दुसरा तिसरी-चौथी घेतो आणि बारा मुलांपैकी प्रत्येकाला रोज वाचून दाखवायला संधी मिळते. साठ मुलांच्या वर्गात ती मिळत नाही. मोठी मुले लहानांना शिकवतात आणि शिकवता शिकवता स्वतः पक्की होतात. २०१५ साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा साताऱ्याचे कुमठे बीट (तिथल्या शाळांचा गट) पाहायला राज्यभरातून शिक्षक जात असत. तिथून आलेली गटात काम देण्याची, वस्तू हाताळत गणित शिकवण्याची रीत छोट्या शाळेला फार मानवते, असा माझा अनुभव आहे.

अडचण येते ती दुसरा शिक्षक नसतो तेव्हा. एक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्याकडे चारही वर्ग, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि दूरध्वनी असे सगळे येते. त्या दिवशी शिकवणे होत नाही, मुले सांभाळणे होते. आता १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे मिळतील हे ठरवण्याच्या, निर्णयाने २० पर्यंत पटाच्या शाळेला एकच नियमित शिक्षक धरला आहे, आणि गरज पडल्यास दुसरा, तोही शक्यतो सेवानिवृत्त शिक्षकांतून. सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी मुले असतील, तर तिथे शिक्षकाचे पदच मिळत नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला अशा शाळांतील एका पदावर दरमहा १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला आणि २५ सप्टेंबरला राज्यभर शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मात्र ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असे स्पष्ट लिहिले आहे.

आमच्याकडे या सगळ्यात भर पडते ती आंतरजिल्हा बदल्यांची. भरतीत घाटावरचे अनेक उमेदवार कोकणात येतात, निष्ठेने कामही करतात, पण घर तिकडे असल्यामुळे संधी मिळताच परत जातात. त्यांना दोष देता येणार नाही. जाणाऱ्यांच्या जागी येणारे मात्र तेवढे नसतात आणि जागा रिकाम्या राहतात. स्थानिक डी.एड. उमेदवार कितीतरी वर्षे हेच मांडत आहेत की आम्हाला घ्या, आम्ही कुठेही जाणार नाही.

वेताळबांबर्डे_नव्हे

शिक्षक, अनुदान हे सगळे ठीक. पण पट का घटतो यावर कोणी बोलत नाही. ज्यांची मुले गावातच आहेत, तेसुद्धा इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी गाडी दारात आली की मुलाला तिच्यात बसवतात. आधी पालकांची मानसिकता बदलली पाहिजे.

मांडवीकाठ

मी पणजीला राहते, माहेर सावंतवाडीचे. या मुद्द्यावर गोव्याचा अनुभव उपयोगी पडेल. तिथे १९९० पासून प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोंकणी माध्यमालाच देण्याचे धोरण होते. पुढे इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही ते मिळू लागले आणि त्यावरून मोठे आंदोलन झाले. धोरण बदलण्याच्या आधीही सरकारी प्राथमिक शाळांचा पट घटत होता आणि नंतरही घटत राहिला. पालक माध्यम पाहतात, पण त्याहून अधिक ते प्रत्येक वर्गाला बाई आहेत का हे पाहतात, असे मला माझ्या नातेवाइकांकडून दिसले आहे. वेताळबांबर्डे_नव्हे यांना म्हणून विनंती आहे की पालकांना दोष देण्याआधी त्यांना काय दिसते ते पाहावे. एक शिक्षक चार वर्ग सांभाळताना दिसला, तर माझ्यासारखी मराठीवर प्रेम करणारी आईसुद्धा विचारात पडेल.

वेताळबांबर्डे_नव्हे

मान्य. एकशिक्षकी शाळा पाहून पालक मूल काढतात, मूल काढल्याने पट घटतो आणि पट घटल्याने शाळा एकशिक्षकीच राहते. हे चक्र कुठून तोडायचे, ते ठरवावे लागेल.

सातेरी

समायोजनाबद्दल, म्हणजे छोटी शाळा मोठ्या शाळेत मिसळण्याबद्दल, देशावरचा यांनी गाडीने नेण्याचे सुचवले आहे. आमच्या वाडीची शाळा बंद झाली आणि मुले केंद्रशाळेत जाऊ लागली, म्हणून लिहिते. केंद्रशाळा खरोखर चांगली आहे. प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे, मैदान आहे, आणि माझी मुलगी तिथे धीट झाली. एवढे मी प्रामाणिकपणे सांगते.

पण जून ते सप्टेंबर आमचा रस्ता वहाळातून (ओढ्यातून) जातो. साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) पाणी आले की रिक्षा येत नाही आणि मुले घरी राहतात. समग्र शिक्षेतून दूर अंतरावरच्या मुलाला वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्ता देता येतो. तो आमच्यापर्यंत उशिरा पोहोचला आणि रिक्षावाल्याला तर दर महिन्याला द्यावे लागतात. शेजारच्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीने पहिले वर्षभर पाठवलेच नाही. पहिलीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी, हा नियम आमच्यासारख्या डोंगरउतारावरच्या लोकांसाठीच आहे असे मला वाटते. चौथीनंतर मुले लांब गेली तर चालतील, पहिली-दुसरीची नको.

देशावरचा

सातेरीताई, आपला अनुभव वाचून माझे मत एका बाबतीत बदलले आहे. मी सोलापूरकडच्या सपाट रस्त्यांचा विचार करून अंतर मोजत होतो. पहिली-दुसरी वाडीतच आणि तिसरीपासून एकत्र, असा मधला मार्ग मला पटतो. सर्वच छोट्या शाळा तशाच ठेवाव्यात, हे मात्र अजूनही पटत नाही. जिथे बारमाही डांबरी रस्ता आहे आणि दोन शाळांत दोन किलोमीटरही अंतर नाही, तिथे गावकऱ्यांच्या संमतीने एकत्र येण्यात मुलांचा लाभच आहे.

सुरंगी

संमती हा शब्द आपण वापरलात, त्याबद्दल मी आभारी आहे. आदेश आधी आणि संमती नंतर, हे अनेक ठिकाणी घडते. पहिल्या पोस्टमधला दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही. मुले किती शिकतात, हे कसे ठरवायचे?

कातळशिल्प

मोजमापाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे निवडतात आणि मुलांना घरी जाऊन तपासतात. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ४४.२ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये ३८.५ टक्के झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ४४.८ टक्क्यांवर आली. देशाची दिशा कळायला ही माहिती मोलाची आहे. पण त्यातून कोणत्याही एका शाळेचे मूल्यमापन होऊ शकत नाही, कारण ते सर्वेक्षण त्यासाठी नाहीच. डिसेंबर २०२४ चे ‘परख’ हे केंद्र शासनाचे सर्वेक्षणसुद्धा नमुन्यावर आधारित आहे.

छोट्या शाळेत टक्केवारी काढणे हेच मुळात चुकीचे आहे. तिसरीत तीन मुले असतील आणि त्यांतले एक वाचत नसेल, तर शाळेचा निकाल ६७ टक्के होतो. पुढच्या वर्षी ते मूल मुंबईला गेले की १०० टक्के होतो. शाळेने दोन्ही वर्षी तेच काम केलेले असते. म्हणून अशा शाळेचा हिशेब मुलाच्या नावाने ठेवायला हवा: हे मूल जूनमध्ये काय वाचत होते, दिवाळीनंतर काय वाचते, मार्चमध्ये काय वाचते. बारा मुलांचा असा हिशेब एका वहीत मावतो, आणि निपुण भारत या केंद्राच्या कार्यक्रमाची उद्दिष्टेही नेमकी याच वाचन-गणिताची आहेत. मोठ्या शाळेला जे अवघड आहे, ते छोट्या शाळेला सहज जमते.

दुसरी_घंटा

कातळशिल्प यांच्याशी शंभर टक्के सहमत. आम्ही अशी वही ठेवतो. तपासणीला आलेल्यांपैकी ती उघडून पाहणारे मात्र थोडे. बहुतेक जण ऑनलाइन माहिती भरली का, एवढेच विचारतात.

जुने_हजेरीपत्रक

सुरंगी यांच्या मूळ मागणीबद्दल माझे मत सांगतो. प्रत्येक शाळेला किमान रक्कम हवी, याच्याशी मी सहमत आहे; आणि ती शाळेच्या खोल्यांच्या संख्येवर आणि पावसाच्या प्रदेशावर ठरावी, पटावर नाही. धोरण बदलायला वेळ लागेल, तोवर कायद्याने जे हातात दिले आहे ते वापरा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. कलम २२ नुसार या समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो आणि तो अनुदानाचा आधार मानला जातो. अनेक ठिकाणी तो मागच्या वर्षीचा उतरवून काढतात. त्याऐवजी छपराचे मोजमाप, विजेच्या बिलांची बेरीज, रिकाम्या पदाची तारीख आणि दुसरी_घंटा यांच्याकडे आहे तशी मुलांच्या वाचनाची वही, हे सगळे त्याला जोडा. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही शाळेचे काम धरता येते, पण त्यासाठी ग्रामसभेत पालकांनी बोलावे लागते.

आणखी एक, संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. स्थलांतर करून आलेल्या मजुरांची, चिरेखाणीवरची (जांभ्या दगडाच्या खाणीवरची) मुले त्या तारखेआधी शोधून दाखल करून घ्या. त्यांचा तो हक्क आहे आणि शाळेलाही त्याने बळ मिळते.

सातेरी

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही साकवाचा आणि वाहतूक भत्त्याचा विषय मांडणार आहोत. आराखड्याला वाचनाची वही जोडायची, तर त्याचा काही नमुना आहे का?

दुसरी_घंटा

आहे. मुलांची नावे वगळून दोन पानांचा नमुना तयार करते आणि रविवारपर्यंत इथेच टाकते. तुमच्या केंद्रशाळेत प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक असल्यामुळे रकाने थोडे बदलावे लागतील, ते कसे ते त्यात लिहीन.